शंभर मण्यांची माळ: विकत घेताना मोजून घ्या

पहिलीतल्या लेकीसाठी मी या वर्षी दोन गणितमाळा विकत घेतल्या. पहिली जूनअखेर ऑनलाइन मागवली, २४९ रुपयांना. ती आता कपाटात पडून आहे. दुसरी कराडला शालेय साहित्याच्या दुकानातून आणली, १८० रुपयांना. ती रोज वापरात आहे, पण मूळच्या दोरीत नाही. तीन आठवड्यांतच मला ती सोडवून पुन्हा ओवावी लागली. मी घ्यायला निघाले तेव्हा दुकानवाल्यांच्या फोटोंपलीकडे मला काही वाचायला मिळालं नव्हतं. ज्यांचं मूल पहिलीत आहे किंवा येत्या जूनमध्ये जाणार आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून पाच महिन्यांचा अनुभव लिहिते आहे.

ज्यांनी ही माळ पाहिली नसेल त्यांना आधी सांगते. एका दोरीत शंभर मणी असतात. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, दहा पांढरे, असे शेवटपर्यंत. मण्यांवर आकडे नसतात. दोरी मण्यांपेक्षा थोडी लांब ठेवलेली असते, म्हणजे मणी इकडून तिकडे सरकतात. कुठल्याही मण्याच्या पुढे चिमटा लावायचा, की तिथपर्यंतची संख्या झाली. लेकीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या गणित शिकवणाऱ्यांची आहे, आणि आपल्याकडे ती शाळाशाळांत नेण्यात दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत ती आता फळ्याच्या वर टांगलेली दिसते.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, साडीला फॉल-पिको. मशीन खिडकीशी आहे आणि लेक शाळेतून आली की मशीनच्या शेजारीच सतरंजीवर बसते. गणित माझा विषय कधीच नव्हता, पण मोजमापाशिवाय माझा एक दिवस जात नाही. त्यामुळे मणी किती, भोक केवढं, दोरा कुठला, गाठ कशी, हे मी नीट तपासलं आहे. त्या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ही माळ मी पहिल्यांदा पाहिली ती जूनअखेरच्या पालकसभेत. शाळा आमच्या वाडीतलीच, जिल्हा परिषदेची, पहिलीत तेवीस मुलं. बाईंनी त्या दिवशी भाषण केलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही मागं बसा आणि सकाळी आम्ही काय करतो ते बघा." परिपाठ झाल्यावर मुलं ओळीनं आत आली. चपला भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. दाराशेजारी कापडी खिसे शिवलेला एक तक्ता होता. प्रत्येक मुलानं आपल्या नावाची चिठ्ठी डब्यातून शोधून आपल्या खिशात घातली. म्हणजे हजेरी मुलांनीच दिली, आणि आपलं नाव वाचूनही झालं. मग एका मुलीनं रिकामे खिसे मोजले. "आज तीन नाही आले." मग वार, तारीख, बाहेर ऊन की पाऊस. मग एक मुलगा स्टुलावर चढला, माळेवरचा चिमटा काढला आणि एक मणी पुढे लावला.

तो चिमटा म्हणजे शाळेचा कितवा दिवस. पहिल्या दिवशी पहिल्या मण्यापुढे, मग रोज एकेक पुढे. त्या दिवशी अकरावा होता. बाईंनी विचारलं, "किती रंग भरले?" "एक!" "सुटे किती?" "एक!" "मिळून?" "अकरा!" हे सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं चाललं, आणि बाई एकदाही ओरडल्या नाहीत, कारण पुढे काय करायचं ते आलेल्या वीसच्या वीस मुलांना ठाऊक होतं. मी ज्या शाळेत शिकले तिथं पहिली पंधरा मिनिटं "गप्प बसा" ऐकण्यात जायची.

सभेच्या शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "ताई, घरी वेगळं काही शिकवू नका. शाळेत जे रोज होतं तेच पाच मिनिटं घरी होऊ दे. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत." 'निपुण भारत' या लिहिण्या-वाचण्या-मोजण्याच्या सरकारी मोहिमेचा तक्ता भिंतीवर होता. पहिलीच्या शेवटी मुलाला ९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं त्यात आहे. ९९ हा आकडा वाचून मला धडकी भरली होती, कारण घरी तेव्हा वीसच्या पुढे गाडी सरकत नव्हती.

त्याच रात्री मी मोबाइलवरून माळ मागवली. निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या मण्यांची, सोबत दोन छोटे चिमटे. फोटोत छान दिसत होती. चार दिवसांत आली. मणी चकचकीत, रंग पक्के, कड कुठे टोचत नव्हती. मी ती मशीनच्या वरच्या भिंतीवर दोन खिळ्यांना बांधली आणि शाळेतल्या दिवसाशी जुळवून चिमटा लावला. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की लेक चिमटा पुढे सरकवायची. दोनेक आठवडे आनंदीआनंद होता.

मग एकोणतिसावा दिवस आला. आषाढ संपत आला होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मला दुसऱ्या दिवशी द्यायचे चार ब्लाउज शिवायचे होते. लेकीनं चिमटा सरकवला, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, आपली माळ चुकलीय."

मी मान वर न करता म्हणाले, "माळ कशी चुकेल? तू चुकलीस. परत मोज."

तिनं परत मोजलं. "एकोणतीसच आहेत. पण एक उरायला पाहिजे."

"काय उरायला पाहिजे?"

"शाळेत एक उरतो. इथं नाही उरत."

मला तिचं म्हणणं कळलं नाही आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. आणखी एकदा मोजायला लावलं. तिसऱ्यांदा मोजताना तिचा आवाज रडवेला झाला. "निळे नऊच आहेत," ती म्हणाली. मी मशीन थांबवली, उठले, आणि स्वतः मोजलं. पहिले दहा निळे बरोबर. पुढचे दहा पिवळे बरोबर. त्यापुढचे निळे नऊ. मी बोट ठेवून दोनदा मोजले. नऊच.

सहा वर्षांच्या पोरीनं पकडलेली चूक होती ती, आणि मी तिला तीनदा खोटं ठरवलं होतं. तिला जवळ घेतलं, तिची माफी मागितली. मग विचारलं, "बाळा, एक उरतो म्हणजे काय?" तिनं मला समजावलं. बाईंनी त्या दिवशी सकाळी सांगितलं होतं, एकोण म्हणजे एक उणा. रंग भरायला एक मणी कमी. एकोणीसच्या पुढे एक मणी राहतो आणि मग वीस, एकोणतीसच्या पुढे एक मणी राहतो आणि मग तीस. शाळेच्या माळेवर एकोणतीसच्या चिमट्यानंतर एक मणी शिल्लक होता. आमच्या माळेवर चिमटा बरोबर रंगाच्या कडेला बसला होता. तिला ते खुपलं.

मी चौतीस वर्षांची आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्द मी जन्मभर वापरते आहे. त्यातलं 'एकोण' म्हणजे 'एक उणा', हे माझ्या ध्यानात त्या संध्याकाळी आलं. मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही पाढ्यासारखं घोकलं होतं. आणि एकोणतीस म्हणताना वीसच्या घरात असूनही तोंडात 'तीस' का येतं, याचा गोंधळ आमच्या वर्गातल्या किती पोरांचा शेवटपर्यंत सुटला नव्हता, हे मला आठवतं. माळेवर तो गोंधळ होतच नाही. तीसच्या दारात एक मणी अलीकडे उभं राहिलं की एकोणतीस.

पूर्ण माळ मोजल्यावर ती अठ्ठ्याण्णव मण्यांची निघाली. पुढे आणखी एका रंगात एक कमी होता. विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. परत घेण्याची मुदत संपली आहे, असं उत्तर आलं. पैशांचं दुःख आहेच, पण मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मापाची वस्तू विकताना माप चुकवायचं नसतं. माझ्या टेपवर एकोणतिसावा इंच छापायचा राहिला असता तर मी लोकांचे कपडे वाया घालवले असते. इथं तर मूल आहे. ते वस्तूवर विश्वास ठेवतं आणि स्वतःला चूक समजतं.

दुसरी माळ मी दुकानात उभी राहून मोजून घेतली. दुकानदार काका हसले नाहीत, उलट म्हणाले, "मोजा की. मास्तर लोकं पण मोजूनच घेतात." लाकडी मणी, लाल-पांढरे, १२ मिलिमीटरचे. शंभर मण्यांचे १२० सेंटिमीटर, म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच. मी टेप लावून पाहिलं, माप बरोबर होतं. हाताला लाकूड छान लागतं आणि सरकवताना टक टक आवाज येतो. हा आवाज लहान गोष्ट वाटेल, पण लेक डोळे मिटून तो ऐकत मोजते आणि मला ते फार आवडतं. शाळेतली माळ याच्या दुपटीनं मोठ्या मण्यांची आहे, मागच्या बाकावरून दिसावी म्हणून. घरी एवढी मोठी नको. आमच्याएवढ्या खोलीत भिंत पुरणार नाही.

पण दोरी. दोरीच्या बाबतीत बनवणाऱ्यानं अगदी कंजूषपणा केला आहे. साधी सुती दोरी, ना पीळ घट्ट ना मेण. पावसाळ्याच्या दमट हवेत ती फुगली आणि मणी अडकायला लागले. पोर ओढायची, ओढून ओढून दोरी भिंतीवर झोळीसारखी लोंबायला लागली. टोकाची गाठ सरगाठ होती, ती एका दुपारी सुटली आणि शेवटचे सव्वीस मणी मशीनखाली गेले. शिवाय लाल रंग कच्चा. ओल्या हातानं धरलं की बोटांना लागतो आणि शेजारचा पांढरा मणी गुलाबी होतो. पहिलीतलं मूल हात कोरडे करून माळेपाशी येईल, ही अपेक्षा कुणी करू नये.

मग मी ती पुन्हा ओवली. नायलॉनची पिळाची दोरी घेतली, मण्याच्या भोकातून सहज जाईल पण लोळणार नाही इतपत जाड. दोन मीटर कापली. टोक मेणबत्तीवर धरून कडक केलं, म्हणजे सुई लागत नाही. लाल मणी ओवण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून, पुसून, दोन दिवस वाळवले. रंग थोडा फिका झाला, पण आता लागत नाही. दोन्ही टोकांना निरगाठ, तिच्यावर आणखी एक निरगाठ. आणि मधे वीतभर दोरी मोकळी ठेवली. ही मोकळी वीत फार महत्त्वाची आहे. विकतच्या दोन्ही माळांत ती जेमतेम दोन-तीन बोटं होती. मणी सरकून मधे फट दिसली तरच मुलाला 'हे एवढे' आणि 'ते राहिलेले' असं वेगळं दिसतं. फट नसेल तर ती शोभेची माळ.

चिमट्याचंही सांगते. कपडे वाळत घालायचे मोठे चिमटे दोन-तीन मणी झाकतात. मी खणाच्या कापडाची बोटभर चिंधी घेऊन तिला हूक लावला. ती फटीत बसते, मणी झाकत नाही, आणि पोरीला हूक लावता येतो. तिच्या बोटांना तेवढाच व्यायाम.

ओवायला लेक बसली होती. मी एकेक मणी देत होते. ती दहा झाले की थांबायची आणि हात पुढे करून म्हणायची, "आता पांढरे." शंभर मणी ओवायला आम्हाला दीड तास लागला. माझ्या मते माळेचा निम्मा फायदा तिला त्या दीड तासातच मिळाला. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी तयार माळ न घेता सुटे मणी आणून मुलाबरोबर ओवावी, हे मी मनापासून सांगते.

आता रोज काय करतो ते. दिवा लावून झाल्यावर पाच मिनिटं, फार तर सात. चिंधी एक मणी पुढे. बाईंचेच प्रश्न, बाईंच्याच शब्दांत: किती रंग भरले, सुटे किती, मिळून किती. मग ती संख्या पाटीवर. मग ओळखायचा खेळ. मी मनात एक संख्या धरते, ती विचारते, "पन्नासच्या पुढं की मागं?" मी सांगितलं की ती माळेवर हात ठेवून उरलेला भाग झाकते. सहा-सात प्रश्नांत सापडतेच. मग ती मनात धरते आणि मी शोधते. एवढंच. रविवारी शाळा नसते म्हणून चिंधी हलत नाही, पण खेळ होतो. पाहुणे आले, ताप आला, माझं काम अंगावर आलं, तर त्या दिवशी नाही. पण वेळ आणि जागा बदलत नाही, आणि त्यामुळेच की काय, आता तिला बोलवावं लागत नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सत्तेचाळीसावा दिवस होता. चिंधी बरोबर लावली, तोंडानं "सत्तेचाळीस" बरोबर म्हणाली, आणि पाटीवर लिहिलं ७४. मी या वेळी गप्प राहिले. तिनं स्वतःच पाटीकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. "रंग चार भरले," ती पुटपुटली. पाटी पुसली, ४ लिहिला, पुढे ७. मी विचारलं, "आधी सात का लिहिलास गं?" तर म्हणाली, "सत्ते आधी येतं ना." खरंच आहे. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. तिच्या कानानं ऐकलं तेच तिच्या हातानं लिहिलं. शाळेत पहिलीपासून इंग्रजीही आहे, तिथं 'फॉर्टी सेव्हन'मध्ये चार आधीच येतो. मुलाच्या डोक्यात किती उलटसुलट चाललेलं असतं, ते आपल्याला दिसत नाही म्हणून आपण 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो.

यावरून २०१९चं आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', त्र्याहत्तरला 'सत्तर तीन' असं वाचायची पद्धत आली होती आणि केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे संख्यावाचक शब्द लहान मुलांना जड जातात, म्हणून सोपी वाट दिली आहे, जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, असं त्या सांगत होत्या. तेव्हा माझं मूल झालं नव्हतं आणि मीही चारचौघांसारखी 'आपली भाषा बिघडवायला निघालेत' म्हणत होते. आता पाटीवरचा तो ७४ पाहिल्यावर त्यांचं म्हणणं कळतं. आमच्या घरी आम्ही दोन्ही म्हणतो. माळेवर "चाळीस आणि सात", आणि लगेच "सत्तेचाळीस". माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा ते खटकलं. आता त्या स्वतःच संध्याकाळी नातीला विचारतात, "चाळीस आणि नऊ म्हणजे काय गं?" आणि ती ओरडते, "एकोणपन्नास! एक उणा!"

माळेत एक धोकाही आहे आणि तो मला बाईंनी वेळेवर दाखवला. गणपतीनंतर मी कौतुकानं सांगितलं, "बाई, आठ अधिक पाच विचारलं की ती माळेवर बरोबर तेरा मोजते." बाई म्हणाल्या, "एकेक मोजते की उडी मारते?" मी पाहिलं, तर पोर पहिल्या मण्यापासून एकेक करत तेरापर्यंत जायची. उत्तर बरोबर, पण ते बोटांवर मोजण्यासारखंच. माळ हाताशी असली की मूल एकेक मोजण्याची सवय सोडत नाही. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी आठवर चिंधी लावून विचारायला लागले, "रंग भरायला किती हवेत?" दोन. "पाचातले दोन दिले, हातात किती राहिले?" तीन. "मग कुठं पोचलो?" तेरा. पंधरा दिवस लागले. एका संध्याकाळी तिनं माळेला हात न लावता, नुसतं भिंतीकडे बघून सांगितलं, "दोन दिले, रंग भरला, तीन उरले, तेरा." हे बाईंनी सांगितलं नसतं तर मला सुचलं नसतं, आणि विकतच्या माळेसोबत वापरायची साधी एक चिठ्ठीही आलेली नव्हती. दोन्हींसोबत नव्हती. विकणाऱ्यांनी मराठीत एक पान छापून द्यायला हवं.

टेपचीही एक गोष्ट. ती माझा टेप घेऊन माळेला लावून बघत होती आणि म्हणाली, "यात पहिला मणी कुठंय?" तिला टेपचं टोक दाखवलं. इथून शून्य सुरू होतं, आणि एक लिहिलंय तिथं एक इंच पूर्ण होतो. ती म्हणाली, "म्हणजे चिंधी मण्याच्या पुढं लावतो तसंच." माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मोठ्या मुलींना हे सांगता सांगता माझा घसा कोरडा पडतो. त्या टेप एकपासून धरतात आणि बाही इंचानं आखूड करतात.

बाजारात मण्यांवर आकडे छापलेल्या माळा मिळतात, त्या घेऊ नका. मूल आकडा वाचतं आणि मोजणं सोडून देतं. प्रत्येक दहाला वेगळा रंग असलेल्याही आहेत. दिसायला सुंदर, पण मग मूल 'हिरवा म्हणजे चाळीस' असं पाठ करतं आणि रंग किती भरले ते मोजत नाही. दोनच रंग चांगले. १ ते १००चा तक्ता आम्ही आधी भिंतीवर लावला होता, तो वाचायला ठीक आहे. मोबाइलवरचे मोजायचे खेळ मी महिनाभर दिले आणि बंद केले. तिचं सगळं लक्ष टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलाकडे असायचं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर माळ उंचावर बांधा आणि गाठी आठवड्यातून एकदा ओढून बघा. सुटलेला मणी थेट तोंडात जातो. आमच्या शेजारचं दीड वर्षाचं बाळ रांगत येतं, म्हणून सव्वीस मणी सांडले त्या दुपारी मी मशीन हलवून एकेक शोधून काढला होता.

१८० रुपयांत ही माळ घ्यावी का? घ्यावी. मोजून घ्या आणि दोरी बदलायचे तीस-चाळीस रुपये वेगळे धरा. शिवायची सवय असेल तर सुटे लाकडी मणी आणून स्वतः ओवा, खर्च साधारण तेवढाच येतो आणि वस्तू दुपटीनं टिकते. आणि आधी एकदा शाळेत जाऊन बाई किंवा सर ती कशी वापरतात ते बघून या. त्यांचे शब्द वेगळे असतील तर तेच शब्द उचला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि काही दिवसांनी चिंधी नव्व्याण्णववर आली. लेकीनं बराच वेळ त्या शेवटच्या पांढऱ्या मण्याकडे बघितलं. "मम्मी, एक उरलाय. मग याला एकोणशंभर का नाही म्हणत?" मला उत्तर आलं नाही. बाईंना विचार म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत शंभरावा दिवस म्हणून मुलांनी घरून शंभर-शंभर वस्तू आणल्या होत्या. कुणी चिंचोके, कुणी शेंगदाणे. आमच्याकडून शंभर बटणं गेली, दहा-दहाच्या पुड्या बांधून.

संध्याकाळी चिंधी शेवटच्या मण्यापुढे, गाठीला टेकून बसली. "आता उद्या कुठं लावायची?" तिनं विचारलं. शनिवारी आम्ही दोघी कराडला त्याच दुकानात गेलो. मी काकांना म्हणाले, सुटे दहा मणी द्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या रंगात?" मी बोलायच्या आत ती फळीशी टाचा उंचावून म्हणाली, "लाल. शंभरावा पांढरा आहे ना."